शेवटच्या खंडातली नोंद

आमच्या कोशात जागा मिळवायची तर माणूस नुसता थोर असून भागत नसे, तो मेलेलाही असावा लागे. थोर माणसं, त्यांचे शोध, त्यांच्या कल्पना, त्यांनी चालवलेली आणि बुडवलेली सरकारं, हे सगळं अक्षरवार लावून खंडामागून खंड छापायचे, हे आमच्या सरकारी कचेरीचं काम. लस शोधणारा असो, कायदा लिहिणारा असो की ताऱ्यांची अंतरं मोजणारा असो, जन्मसालापुढे आडवी रेघ आणि रेघेपुढे दुसरं साल असल्याशिवाय आम्ही त्याला दारातसुद्धा उभं करत नसू. आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात. आमच्याकडे पान दिसत नसे.

हा नियम माझ्या बाबांनी केलेला. पहिल्या खंडाच्या वेळी ते सल्लागार मंडळावर होते, नद्यांचे इंजिनिअर म्हणून. तेव्हाच्या एका मंत्र्याला कोशात दीड पान हवं होतं, फोटोसकट. नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती आणि हो म्हणायची सगळ्यांना लाज वाटत होती. बैठकीत बाबा उठले आणि म्हणाले, "नदी समुद्राला मिळेपर्यंत तिची लांबी सांगता येत नाही. माणसाचंही तसंच. तेव्हा हयात व्यक्तींच्या नोंदी घेऊच नयेत." मंत्र्याला यात अपमान दिसेना, कारण विरोध करायचा तर आपलं आयुष्य संपल्यात जमा आहे असं म्हणावं लागलं असतं. सुंठीवाचून खोकला गेला. तो मंत्री पुढे इतका जगला की त्याच्या अक्षराचा खंड कधीच निघून गेला, आणि त्याला शेवटी पुतळ्यावर समाधान मानावं लागलं.

मी कचेरीत लागले ती बऱ्याच वर्षांनी. विज्ञान आणि राज्यकारभार या विभागाची उपसंपादक. वशिल्याने लागली असं लोक म्हणायचे, आणि लोक बरोबर म्हणायचे. पण वशिल्याने नोकरी मिळते, नजर मिळत नाही. माझ्या हाताखालून चुकीचं साल सुटलेलं कुणी दाखवावं. घरी भाजीवाल्याच्या पाटीवरच्या चुकाही मी काढते, त्यामुळे भाजीवाला माझ्याशी बोलत नाही.

बाबांची थोरवी एका रेघेत होती. ऐन तारुण्यात त्यांनी एक मोठा पूर पाहिला. पाणी ओसरल्यावर ते नदीच्या दोन्ही काठांनी घरोघर फिरले. पाणी कुठवर आलं होतं, कुठली पायरी बुडाली, भिंतीवर चिखल कुठे थांबला, म्हाताऱ्यांना त्याच्या आधीच्या पुराचं काय आठवतं. ते सगळं त्यांनी मोजलं, गणितात बसवलं आणि शहराच्या नकाशावर एक वाकडीतिकडी रेघ ओढली. या रेघेच्या आत नदीची जागा. तिथे मैदानं करा, भाजी लावा, गुरं चारा, पण माणसं झोपवू नका. सरकारने त्याचा कायदा केला. बाहेरच्या देशांतली माणसं ती पूररेषा बघायला आली, आणि त्यांच्याबरोबर काढलेल्या फोटोत बाबा एकटेच पायाकडे बघताहेत.

ते निवृत्त झाल्यावर शहर वाढलं. मग दुसऱ्या एका सरकारच्या एका बैठकीत ती रेघ गुपचूप नदीकडे सरकवली गेली. जाहीर काही नाही. जुन्या नकाशावर ती एका जागी होती, नव्या नकाशावर दुसऱ्या. जिथे मैदानं होती तिथे इमारती उठल्या, आणि वसाहतीला 'नदीकाठ' असं गोड नाव मिळालं. बाबा कचेऱ्यांत जाऊन बसले, वर्तमानपत्रांकडे गेले, कोर्टाच्या वकिलांना भेटले. पालथ्या घड्यावर पाणी. लोक त्यांना 'रेघवाले काका' म्हणू लागले आणि त्यांना येताना पाहून जेवणाची सुट्टी घेऊ लागले.

"नवीन नकाशा नदीने वाचलेला नाही," ते म्हणायचे. हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं की मलासुद्धा त्याचा कंटाळा आला होता.

राहता राहिला आमचा कोश. 'नदी' आणि 'पूर' या नोंदी जुन्या खंडांत होत्या, रेघ सरकायच्या आधीच्या. आता फक्त शेवटचा खंड उरला होता, आणि आमचं आडनाव वर्णमालेच्या शेपटाकडचं असल्यामुळे बाबांची नोंद त्यातच येणार होती. त्या नोंदीत त्यांना एक वाक्य हवं होतं: 'ही रेषा पुढे नदीच्या दिशेने सरकवण्यात आली, मूळ रेषेच्या आतली वस्ती आजही पुराच्या टप्प्यात आहे.'

"बाकी काहीही लिही," ते मला म्हणाले होते. "जन्मगाव चुकव, शिक्षण गाळ. पण ते वाक्य राहू दे. सरकारी पुस्तकात छापलेलं सरकारला नाकारता येत नाही. उद्या कोणी कोर्टात गेलं तर त्याला बोट ठेवायला जागा पाहिजे."

अडचण एवढीच होती की बाबा जिवंत होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

कचेरीत अशा लोकांची सोय होती. वय झालेल्या थोर माणसांच्या नोंदी आम्ही आधीच लिहून, पान लावून ठेवत असू, रेघेपर्यंत. त्याला आमच्यात 'वेटिंग' म्हणायचे. शेवटच्या खंडात वेटिंगवर फक्त बाबा होते. त्यांची नोंद मीच लिहिली आणि संगणकावर पानं लावायचं काम करणाऱ्या चिमणीकडे दिली. तिचं खरं नाव कुणी घेत नसे. ती भरभर बोलायची आणि डब्यातलं चिमणीएवढं खायची. तिशी उलटलेली, एक मुलगी शाळेत जाणारी, कामाला चोख.

पान लावता लावता ती थांबली. "ताई, हे खरंय का हो? आमची बिल्डिंग तिथेच आहे. नदीकाठला. तळमजला."

"खरं आहे," मी म्हटलं.

"पण सगळी कागदपत्रं बरोबर होती. सरकारी शिक्के होते."

"शिक्के बरोबरच असणार. रेघ चुकीची आहे."

ती म्हणाली, "हे छापून आलं ना, की मी आमच्या सोसायटीत दाखवते. आमच्या ह्यांना माझं काही खरं वाटत नाही. छापलेलं दाखवलं की गप्प बसतात. तसे सगळेच बसतात." तिने डोळे बारीक करून ते वाक्य पुन्हा वाचलं आणि दोन शब्दांमधली वाढलेली जागा कमी केली.

त्या पावसाळ्याच्या आधीच बाबांचं हृदय थकलं होतं. पाय सुजायचे, छातीत पाणी साठायचं. पाणी उतरवायची गोळी दिली होती. ती घेतली तर अजून चांगली दोन-तीन वर्षं काढतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. बाबांनी या दुखण्यातही आपला धंदा सोडला नाही. सूज कुठवर आली ते बॉलपेनने नडगीवर रेघ मारून ठेवायचे आणि आलेल्या-गेलेल्याला दाखवायचे. "ही कालची पातळी," म्हणायचे. "ही आजची." मी हसायचे. रेघा वर वर चढताहेत हे दिसायला मला वेळ लागला, कारण मला वाटायचं की गोळी चालू आहे.

गोळ्या सापडल्या पर्जन्यमापकात. खिडकीत त्यांचा जुना पितळी पर्जन्यमापक असे, निवृत्तीच्या वेळी खात्याने दिलेला. धूळ पुसायला मी तो उचलला तर आत खुळखुळलं. उलटा केला आणि पांढऱ्या गोळ्या सतरंजीवर पडल्या. काही ओलावा लागून चिकटलेल्या होत्या.

बाबा खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खालीसुद्धा केलं नाही.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"गोळ्या."

"दिसतंय मला! इथे का आहेत?"

"खंड कधी बंद होतोय तुमचा?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडायला नको होता.

"महिनाअखेरीला," मी म्हणाले.

"मग जमेल."

"जमेल म्हणजे काय, बाबा? बस पकडायची आहे का तुम्हाला?"

"तसंच समज. शेवटची बस आहे. यानंतर गाडी नाही."

मी ओरडले. घरात इतक्या जोरात मी आईशीही कधी भांडले नव्हते, आणि आईशी भांडायला तर दोघींनाही आवडायचं. एका वाक्यासाठी कोणी मरतं का, तुम्हाला काय वेड लागलंय, तुमच्या मागे मी एकटी आहे ते दिसतं का, त्या वसाहतीतल्या एकाने तरी तुम्हाला कधी चहा विचारला का. सगळं बोलून घेतलं. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्यांना ठाऊकच नाही गं. ठाऊक असतं तर विचारला असता."

मला बाप हवा होता. नोंद नको होती. हे मी त्यांना सांगितलं, याच शब्दांत. ते म्हणाले, "बाप तसाही फार दिवस नाही मिळणार." आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी मी मुख्य संपादकांच्या खोलीत गेले. त्यांना कचेरीत 'पूर्णविराम' म्हणायचे, कारण कुठलीही चर्चा ते "ठीक आहे" म्हणून संपवायचे आणि काहीच ठीक झालेलं नसायचं. माणूस वाईट नव्हता. भित्रा होता, आणि भित्र्या माणसाच्या हाताखाली काम करणं हे वाईट माणसाच्या हाताखाली करण्यापेक्षा अवघड, कारण त्याच्यावर धड चिडताही येत नाही.

"एक अपवाद करा," मी म्हणाले. "शेवटचाच खंड आहे. हयात असताना घ्या. रेघेपुढची जागा कोरी सोडा."

"अहो बाई, नियम तुमच्याच वडिलांचा."

"म्हणूनच सांगते. ज्याने नियम केला त्याच्यासाठी एकदा मोडा."

"आज यांच्यासाठी मोडला की उद्या वरून चार नावं येतील. जिवंत माणसांची. आणि ती नावं कुणाची असतील ते तुम्हालाही ठाऊक आहे." ते खरं होतं, हीच तर चीड होती. "ते आजारी आहेत का?"

मी काय सांगणार होते? ते तुमच्या मुदतीत बसायचा प्रयत्न करताहेत, असं?

"ठीक आहे," पूर्णविराम म्हणाले.

मग मी दुसरा उपाय केला. खंड बंद झाला असं बाबांना वाटलं तर मरायला कारण उरणार नाही, निमूट गोळी घेतील. संध्याकाळी घरी आले, चप्पल काढली आणि शक्य तितक्या सहज सांगितलं, "गेला बाई एकदाचा शेवटचा खंड. सचिवांनी घाई केली. आज दुपारीच छपाईला पाठवला."

बाबांचा चेहरा उतरला. तरी मी गोळी आणि पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला. ते गोळी तोंडाजवळ नेऊन थांबले.

"सगळं नीट गेलं ना? सूची?"

"हो."

"शुद्धिपत्र?"

"लावलं ना शेवटी."

बाबा हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, पाणी सांडलं. शुद्धिपत्र म्हणजे छापून झाल्यावर सापडलेल्या चुकांचं पान. पानं छापून हातात पडल्याशिवाय ते तयारच होत नाही. आज दुपारी छपाईला गेलेल्या खंडाला शुद्धिपत्र लागलेलं असणं शक्यच नव्हतं. जन्मभर कोशात घालवून मी ही चूक केली.

"वरातीमागून घोडं असतं ते," बाबा डोळे पुसत म्हणाले. "तू वरातीच्या आधीच दाखवतेस. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यास, खोटं बोलायचा सराव कुठून असणार तुला." त्यांनी गोळी माझ्या तळहातावर परत ठेवली आणि माझी बोटं मिटवली.

त्यानंतर मी हात टेकले असं नाही. समोर उभी राहून गोळी देत होते, ते जिभेखाली धरून ठेवत होते. डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या दवाखान्यात हलवा, आणि बाबा म्हणाले मी शुद्धीत आहे, माझी संमती नाही. बाईंनी खूप समजावलं. शेवटी बाहेरच्या खोलीत येऊन त्या मला म्हणाल्या, "इतका शांत पेशंट मी पाहिला नाही. कशाची वाट बघताहेत?" मी म्हटलं, "महिनाअखेरची." त्यांना वाटलं मी दुःखाने काहीतरी बरळते आहे.

बाबांना आडवं झोपता येईना. खुर्चीतच बसून राहायचे, खिडकीशी. नडगीवरच्या रेघा गुडघ्याच्या वर गेल्या आणि मग त्यांनी मारायच्या सोडून दिल्या, कारण वाकता येत नव्हतं. एका सकाळी त्यांनी मलाच पेन दिलं. "तू मार." मी मारली नाही. पेन खिडकीत ठेवून चहा टाकायला गेले. चहा घेऊन परत आले तेव्हा ते गेले होते.

ती रेघ मी मारायला हवी होती असं मला अजून वाटतं. एवढंच तर मागत होते.

कचेरीत गेले तेव्हा सगळे उभे राहिले. पूर्णविराम स्वतः माझ्या टेबलाशी आले, हात जोडले आणि म्हणाले, "वेळेत झालं." म्हणाले आणि जीभ चावली. मी त्यांना माफ केलं, कारण बाबा असते तर हेच म्हणाले असते. आमच्यात पद्धत अशी की वेटिंगवरच्या नोंदीत शेवटचं साल विभागाच्या उपसंपादकाने पेनने लिहायचं आणि मग ते पानात घ्यायचं. ते साल मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं. चिमणीने ते पानात घेतलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काही बोलली नाही, हे तिच्यासाठी फारच झालं.

पानं मंजुरीसाठी मंत्रालयात गेली. ही नेहमीची रीत. तिथे कुणी वाचत नाही, फक्त सही होते, असा आजवरचा अनुभव.

यावेळी कुणीतरी वाचलं होतं. पानं परत आली त्यात एकच दुरुस्ती होती. बाबांचं वाक्य खोडून त्याच्यावर बारीक, सुबक अक्षरात दुसरं लिहिलं होतं: 'या रेषेमुळे शहर आजही पुरापासून सुरक्षित आहे.'

मी ते पान घेऊन पूर्णविरामांच्या खोलीत गेले. दार वाजवलं नाही.

"मी पाहिलं," ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढून ठेवला होता, म्हणजे माझ्याकडे त्यांना नीट बघायचं नव्हतं. "मी बोललो त्यांच्याशी. खरंच बोललो. ते म्हणाले, तसंच हवं असेल तर खंड थांबवू. सगळा खंड, बाई. इतक्या लोकांची इतक्या वर्षांची मेहनत."

"हे खोटं आहे."

"हो."

"माझ्या बापाच्या नावाखाली खोटं आहे. जे खोटं आहे म्हणून ते जन्मभर बोंबलले तेच."

"निदान नाव तरी राहील. नोंद छान झालीये. परदेशी पाहुण्यांचं आहे, कायद्याचं आहे. एक वाक्य तर आहे."

मला त्या क्षणी त्यांना काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. टेबलावर फक्त पहिला खंड होता, आणि तो मला उचलला नसता. त्या एका वाक्यासाठी माझ्या घरात माणूस मेला होता, पितळी भांड्यात गोळ्या साठवून, महिनाअखेर गाठण्यासाठी श्वास मोजत. आणि आता त्याच माणसाला साक्षीला उभं करून सरकार सांगणार होतं, झोपा निवांत, रेघवाल्यानेच रेघ मारली आहे. उद्या कोर्टात कुणी गेलं तर सरकारी वकील बोट ठेवणार ते बाबांच्याच नावावर.

"मूळ वाक्य नाही आणि हेही नाही, असं?" मी विचारलं. "दोन्ही काढून?"

"तेही विचारलं. ते म्हणाले, त्यांचं वाक्य राहील. नाहीतर नोंदच नको." पूर्णविरामांनी पेनाचं टोपण काढलं. "ठरवा तुम्ही. विभाग तुमचा आहे. मी कशालाही सही करतो."

ते "ठीक आहे" म्हणाले नाहीत. एवढं मात्र मी त्यांच्या बाजूने सांगेन.

मी चिमणीच्या टेबलाशी जाऊन बसले. पडद्यावर पान होतं. वर एक हवामानशास्त्रज्ञ, खाली एक न्यायाधीश, मध्ये बाबा. जन्मसाल, रेघ, दुसरं साल. दुसरं साल मिळवायला त्यांनी केवढी धडपड केली होती. पान ठेवलं तर बाबांच्या तोंडून खोटं वदवल्यासारखं होत होतं, आणि काढलं तर बाबा फुकट मेले. दोन्हीकडून मारच होता. चिमणी शेजारी बसून नखं बघत होती. तिला वाटलं मी रडते आहे. मी रडत नव्हते, तिसरं काही सुचतंय का बघत होते. काही सुचलं नाही.

लाल पेन घेतलं आणि कागदावरच्या नोंदीवर वरपासून खालपर्यंत रेघ मारली. समासात काढून टाकायची खूण केली. बाबांच्या बाबतीत शेवटी रेघ मारायची ती अशी मारली.

"काढ," मी म्हटलं.

"सगळीच?" चिमणीने विचारलं.

"सगळी."

तिने ती निवडली आणि बटण दाबलं. न्यायाधीश वर सरकला आणि हवामानशास्त्रज्ञाला जाऊन चिकटला. मध्ये रिकामं असं काही राहिलं नाही. पान आधीपेक्षा नीटच दिसत होतं.

चिमणीने सुस्कारा टाकला. मला वाटलं माझ्यासाठी टाकला.

"बरं झालं, ताई," ती म्हणाली. "म्हणजे, तुमच्यासाठी वाईट वाटतं, पण मला मनातून सारखी धाकधूक होती. झोप लागत नव्हती. आमचे हे म्हणतच होते, एवढी मोठी कचेरी आहे तुमची, खरं असेल तर छापतील. नसेल तर काढतील."

"अगं, तसं नाही," मी म्हटलं. "ते खरंच आहे. खरं होतं म्हणूनच छापू देत नाहीत. मी सांगते तुला. तुम्ही ते घर सोडा."

तिने माझ्याकडे पाहिलं. फार मायेने पाहिलं, नुकताच बाप गेलेल्या बाईकडे पाहतात तसं. माझा हात हातात घेतला आणि थोपटला.

"हो, ताई," ती म्हणाली. "तुम्ही आता घरी जा बघू. जेवलात का काही?"

तिने पान जतन केलं, संगणक बंद केला, डबा पिशवीत घातला. बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि तिला मुलीला शाळेतून घ्यायचं होतं. ती घाईघाईने निघाली, मुलीला घेऊन नदीकाठच्या घरी जायला.